गोळी किती दिवस घ्यायची?

हल्ली तिला सगळे मॅडम म्हणतात. खोलीच्या दारावर पाटी आहे, हाताखाली सात-आठ हुशार मुलंमुली आहेत आणि बैठकीत ती बोलायला लागली की समोरचे पेनं सरसावून बसतात. पण एका मोठ्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला एक छोटा दवाखाना होता, तिथे तिला 'हिशोबवाली' म्हणायचे. आज कुणी मागून नुसतं 'मॅडम' म्हटलं तर ती सावकाश वळते. 'ए हिशोबवाली' अशी हाक आली असती, तर ती धावतच गेली असती.

तो दवाखाना इस्पितळाच्या धुलाईखान्यावर होता. खाली दिवसभर चादरी उकळायच्या, त्यामुळे वरच्या फरशा कायम कोमट असायच्या. थंडीत पेशंट चपला काढून पाय शेकत बसायचे आणि उन्हाळ्यात सगळ्यांचा जीव नकोसा व्हायचा. वर जायला दोन जिने होते. एक पुढचा, रुंद, पाटी लावलेला. दुसरा धुलाईखान्यातून जाणारा, ओला आणि निसरडा. पेशंट झाडून सगळे मागच्याच जिन्याने यायचे, कारण त्या वाटेने जाणाऱ्या माणसाला कुणी विचारत नसे, की बाबा, तू कुठे निघालास? दवाखाना एचआयव्हीचा होता ना.

ती तिथे पहिल्यांदा आली तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. आरोग्य कचेरीच्या नियोजन विभागात नोकरीला लागून तिला जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्या सुमाराला एक गोळी नवीनच आली होती. लागण झालेल्यांसाठी नव्हे, तर ज्यांना अजून झालेली नाही पण होण्याची भीती आहे, अशा लोकांसाठी. रोज एक घ्यायची, की लागण बहुतेक टळते. कचेरीने वर्षभर करून बघू म्हणून या एकाच दवाखान्यात एकशे ऐंशी जणांना ती द्यायला घेतली होती. वर्ष संपत आलं होतं आणि हिच्याकडे काम आलं होतं ते असं : एक लागण टाळायला किती खर्च येतो ते काढायचं. तो खर्च कचेरीने ठरवलेल्या मर्यादेच्या आत असला तर योजना सगळीकडे न्यायची, बाहेर गेला तर गुंडाळायची.

"म्हणजे माणसाची किंमत काढायला आलीस तू," मोठ्या सिस्टर पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

मोठ्या सिस्टर त्या दवाखान्याच्या सर्वेसर्वा. डॉक्टर येत, बदलून जात, सिस्टर तिथल्या तिथे. अंगाने भारदस्त, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आवाज असा की धुलाईखान्यातली यंत्रं चालू असतानाही खाली ऐकू जावा.

"किंमत नाही हो, खर्च," ती म्हणाली.

"फरक काय?"

तिने दहा मिनिटं फरक समजावून सांगितला. सिस्टरांनी तो सगळा शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "बरं. रजिस्टरं त्या कपाटात आहेत. चहा अकराला येतो. माझ्या खुर्चीवर बसायचं नाही." त्या दिवसापासून तिचं नाव हिशोबवाली पडलं.

हिशोब तिला आवडायचा, कारण तो तिला मामाने शिकवला होता. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. एका छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर कामाला होता आणि त्यांच्याच घरात राहायचा. लग्न केलेलं नव्हतं. संध्याकाळी येताना खिशातून कापलेल्या कागदाच्या पट्ट्या आणायचा, गुलाबी, पिवळ्या, निळ्या, बोटाएवढ्या रुंद. त्या पट्ट्यांवर तो तिला गणितं घालायचा. सोडवायला घेतली की लगेच पेन्सिल काढून घ्यायचा. "आधी अंदाज सांग. शंभराच्या आसपास की हजाराच्या? डोळे मिटून सांग. मग मांड." अंदाज बरोबर आला की तिला खांद्यावर घेऊन घरभर नाचायचा आणि आई ओरडायची, "अरे, घोडी झाली आता ती, कंबर मोडेल तुझी!"

त्याच्याबरोबर कधीकधी त्याचा मित्र यायचा. त्याचं फोटोचं दुकान होतं, म्हणून ते फोटोवाले काका. ते दोघं खिडकीत बसून काहीतरी हळू बोलायचे आणि मध्येच दोघंही खो खो हसत सुटायचे. कशाला हसतात हे विचारलं, की मामा म्हणायचा, "तुझ्या नाकाला."

ती अकरा वर्षांची असताना मामा अंथरुणाला खिळला. लिव्हर बिघडलंय, असं तिला सांगितलं गेलं. त्याची ताटवाटी वेगळी झाली, टॉवेल वेगळा झाला, त्याच्या खोलीत जायला तिला बंदी झाली. पट्ट्या बंद झाल्या. ती दाराच्या फटीतून बघायची तेव्हा तो हाडांचा सापळा होऊन भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. पाच महिन्यांत संपलं. दुखणं लिव्हरचं नव्हतं, हाच आजार होता, हे तिला कॉलेजात गेल्यावर आपोआप कळलं. कुणी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. त्या काळात औषधं निघाली होती, पण फार दूर आणि फार पैसेवाल्यांसाठी. तिने पुढे जे शिक्षण घेतलं, जी नोकरी धरली, त्याच्या मुळाशी मामा होता. पण हे तिने कुणालाच, अगदी आईलाही, बोलून दाखवलं नव्हतं.

तर तिने दवाखान्यात बसून तीन आठवडे रजिस्टरं उपसली आणि उत्तर काढलं. उत्तर वाईट आलं. खर्च मर्यादेच्या पावणेदोन पट. एकशे ऐंशी जणांसाठी वर्षभराच्या बाटल्या विकत आणलेल्या, आणि नेमाने गोळी घेणारे शंभरात शेहेचाळीस. उरलेल्या बाटल्या कपाटात मुदत संपून पडलेल्या.

संचालकसाहेबांनी कागद वाचला आणि चष्मा काढून डोळे चोळले. ते वाईट माणूस नव्हते, हे इथे सांगायलाच हवं. कचेरीत येण्याआधी वीस वर्षं त्यांनी लहान मुलांच्या वॉर्डात काढली होती.

"मला एक सांग," ते म्हणाले, "हा पैसा कुठून येणार?"

"आरोग्याच्या बजेटमधून."

"ते झालं कागदावर. खरं कुठून येणार? लसींमधून. दुसरीकडे कुठे हात घालायला जागाच नाही. जेवढ्यात तू एक लागण टाळतेस, तेवढ्यात मी दोन मुलं वाचवतो. गोवर होऊन डोळ्यादेखत गेलेली मुलं पाहिली आहेत मी. आता तू सांग, मी काय करू?"

ती म्हणाली, "मला दोन आठवडे द्या. एकदा पुन्हा तपासते."

"दे तपासून. पण आकडा ओढूनताणून आणू नकोस. माझ्यापुढे रोज सगळे तसलेच आकडे आणतात."

आणि तिने नेमकं तेच केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, कचेरीतले सगळे जेवायला गेलेले असताना. परदेशातल्या एका अभ्यासात गोळी नेमाने घेणारे शंभरात पंच्याऐंशी निघाले होते. तिने शेहेचाळीस खोडून तिथे पंच्याऐंशी घातले. खालचा आकडा सरसर उतरला आणि मर्यादेच्या आत जाऊन थांबला. एका बोटाचं काम. छापील अभ्यासाचा दाखला देता आला असता, कुणी बोट ठेवू शकलं नसतं. ती संगणकाच्या पडद्याकडे बघत बसली. तिला वाटत होतं, मामासाठी एवढं तरी करावं. मग तिला संचालकसाहेबांची ती मुलं आठवली. त्यांनाही कुणीतरी मामा असतील, मावश्या असतील. योजना सगळीकडे नेली, बाटल्या सगळीकडे अशाच कपाटात सडल्या, तर त्या पैशाची लस कुणाच्या तरी दंडात जायची राहिलेली असेल, आणि हे कुणाला कधी कळणारसुद्धा नाही. तिने पंच्याऐंशी खोडून पुन्हा शेहेचाळीस घातले. पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी ती सिस्टरांकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. पंच्याऐंशीचंसुद्धा.

सिस्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्यापासून आठवडाभर औषधाच्या खिडकीवर बस. बाटल्या तू द्यायच्या. आणि जो महिना-दोन महिने चुकवून आलेला दिसेल, त्याला विचारायचं, का हो आला नाहीत? ओरडायचं नाही. ओरडायचं काम माझं."

तो आठवडा तिच्या मनात अजून ताजा आहे. खिडकी नऊला उघडायची आणि बाराला बंद व्हायची. रांग मात्र सातपासून. पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं, की रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाला बाटली फुकट मिळते हे नुसतं म्हणायचं. त्या बाटलीपायी त्याचा आख्खा दिवस बुडतो. हा बुडालेला दिवस तिच्या तक्त्यात कुठेच नव्हता. दुसऱ्या दिवशी एका बाईने सांगितलं, की गोळ्यांची बाटली पिशवीत खुळखुळते आणि सासू विचारते, काय वाजतंय गं? म्हणून तिने बाटली घेणंच सोडलं होतं. सिस्टरांनी तिथल्या तिथे बाटलीचं झाकण काढून वर कापसाचा बोळा कोंबला आणि बाटली कानाजवळ हलवून दाखवली. "आता वाजते का? नाही ना? झालं तर मग."

तिसऱ्या दिवशी सलूनवाला आला. पंचविशीतला, केसांना भलताच बाकदार भांग, अंगाला सुगंधी पावडरीचा वास. एका मोठ्या सलूनमध्ये केस कापायचा. दोन पुरुषांचं जे नातं लोक नजरेआड करतात, ते त्याच्या आयुष्यात होतं आणि ते तो लपवायचा नाही, निदान त्या खिडकीवर तरी नाही. त्याची पाच महिन्यांची पानं कोरी होती.

"का हो आला नाहीत?" तिने विचारलं.

"सकाळी गिऱ्हाईक असतं, ताई. मालक म्हणतो, सारखा सारखा कुठे जातोस, एकदाच कायमचा जा." तो हसला. "तुम्ही नवीन का? तुमचे केस कुणी कापले? त्याला धरून आणा माझ्याकडे."

सुरुवात पुन्हा करायची म्हणून नियमाप्रमाणे त्याचं रक्त तपासायला घेतलं. परवा येतो म्हणून तो शीळ घालत मागच्या जिन्याने उतरून गेला.

चौथ्या दिवशी शिलाईवाली आली. ही बाई एका तयार कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर. त्याला लागण झालेली, हिला नाही. तिने बाटली घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "ताई, ही गोळी मी किती दिवस घ्यायची?"

हिशोबवाली तोंड उघडून काही बोलणार तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की आपल्याला हे माहीत नाही. तक्त्यात तिने एक शब्द लिहिला होता, 'आयुष्यभर'. तो का लिहिला, कुणाला विचारून लिहिला, काही आठवेना. हा आजार आयुष्यभराचा, त्याची भीती आयुष्यभराची, मग गोळीही आयुष्यभराची, असं तिने मनाशी धरूनच टाकलं होतं.

"सिस्टर!" तिने हाक मारली. "या किती दिवस घेणार?"

"नवऱ्याने औषध कधी सुरू केलं?" सिस्टरांनी शिलाईवालीला विचारलं.

"दोन महिने झाले. आता नीट घेतो, तुम्ही झापल्यापासून."

"मग त्याच्या रक्तातला विषाणू दबला की तुझं काम संपलं. सहा-आठ महिने धर. त्याची तपासणी दोनदा चांगली आली, की त्याच्याकडून तुला धोका नाही. मग कशाला गोळी खायची? खडीसाखर आहे का ती?"

शिलाईवाली हसली. ओढणीच्या टोकात बाटली बांधून गेली. हिशोबवाली मात्र रांग तशीच ठेवून सिस्टरांचा हात धरून उभी राहिली. "आणि बाकीचे? ते किती दिवस घेणार?"

"ज्याला जितके दिवस धोका, तितके दिवस. कुणाची दोन वर्षं, कुणाची चार. धंद्यातल्या बायका धंदा सोडतात, कुणाला कायमचा जोडीदार मिळतो. जन्मभर धोक्यात कोण राहतं गं? माणूस कुठेतरी टेकतोच की."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस का? तू रजिस्टरं मागितलीस, मी रजिस्टरं दिली."

तिने तिथेच खिडकीत उभं राहून डोळे मिटले आणि अंदाज बांधला. जन्मभराऐवजी दोन-तीन वर्षं. तेही सगळ्यांना नाही, खऱ्या धोक्यातल्यांना. खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येईल आणि टळणाऱ्या लागणींत फारशी घट व्हायची नाही. आनंदाच्या भरात तिने पुढच्या माणसाला एकीऐवजी दोन बाटल्या दिल्या.

तो आनंद दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच टिकला. सलूनवाल्याच्या रक्ताचा निकाल आला होता. लागण झालेली होती.

सिस्टरांनी त्याला आतल्या खोलीत नेऊन सांगितलं. दाराला काच होती. हिशोबवालीला ऐकू येत नव्हतं, दिसत होतं. त्याने खिशातून कंगवा काढला आणि भांग पाडायला लागला. पाडलेला भांग पुन्हा पुन्हा पाडत राहिला. सिस्टरांनी हळूच त्याच्या हातातून कंगवा काढून घेतला आणि त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरलं.

जाताना तो खिडकीशी थांबला. "ताई, रांगेतले लोक म्हणतात, तुम्ही हिशोब करता इथे. माझं काय लिहिणार?"

तिला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "लागण झाली, असं लिहीन. आणि खिडकी संध्याकाळी उघडी असती तर झाली नसती, असंही लिहीन."

"लिहा," तो म्हणाला. "मोठ्या अक्षरात लिहा."

त्या दिवशी घरी गेल्यावर तिला जेवण गेलं नाही. आईने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट बाजूला सारून समोर बसली. मग तिने सलूनवाल्याची सगळी गोष्ट सांगितली. सांगता सांगता म्हणाली, "मामासारखाच हसतो तो." त्या घरात सतरा वर्षांत मामाच्या दुखण्याचा विषय निघाला नव्हता.

आईने टेबलावरचं पाण्याचं वर्तुळ बोटाने पुसलं.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"कॉलेजपासून."

"आणि फोटोवाल्यांचं?"

"त्यांचं काय?"

"ते दोघं..." आई म्हणाली. "माझ्या आणि तुझ्या बाबांच्यात जे होतं, तेच त्यांच्यात होतं. मला कळत होतं. मी कानाडोळा करत होते. तो आजारी पडल्यावर ते रोज यायचे. पायाला तेल लावायचे त्याच्या. मी ताटवाटी वेगळी केली आणि तो माणूस त्याच ताटात त्याच्याबरोबर जेवायचा, माझ्या डोळ्यांसमोर." आईने बाजूला सारलेलं ताट आणखी दूर ढकललं. "मग लोक बोलायला लागले. शेवटच्या आठवड्यात मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. म्हटलं, झोपलाय. तो झोपला नव्हता गं. आतून हाक मारत होता."

तिने आईला जवळ घेतलं. रागवावं असं क्षणभर तिला वाटलं, पण समोर बसलेली बाई तिची आई होती आणि ती सतरा वर्षं हे एकटीने वागवत होती. फोटोवाले काकाही मामापाठोपाठ दीडेक वर्षात गेले, हे तिला त्याच दिवशी कळलं. त्यांचं कुणी करायलाही नव्हतं.

"ही तुमची गोळी तेव्हा असती तर?" आईने विचारलं.

"तर दोघंही आज खिडकीत बसून हसले असते, आई."

पुढचे आठ दिवस तिने मान वर केली नाही. बुडालेले दिवस धरले, संध्याकाळच्या खिडकीचा खर्च धरला, कापसाचासुद्धा धरला. जिथे तिला खात्री नव्हती तिथे 'खात्री नाही' असं लिहिलं. आकडा मर्यादेच्या निम्म्याच्या थोडा वर आला. पण तो ज्याला हवी त्याला गोळी देऊन नव्हे. ज्यांचा धोका मोठा, त्यांना, धोका असेतोवर, आणि त्यांना जमेल त्या वेळी खिडकी उघडली, तर.

संचालकसाहेबांनी एकेक ओळ उलटी तपासली. "हे दोन-तीन वर्षं कुठून आणलंस?"

"एका शिलाईवालीने विचारलं. मग मोठ्या सिस्टरांकडच्या बारा वर्षांच्या नोंदी तपासल्या. कोण किती काळ धोक्यात होतं, ते त्यात आहे."

"आणि ज्यांचा धोका लहान आहे, पण आहे? त्यांना नाही म्हणायचं?"

"सध्या हो." तिने कागदावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "त्यांना दिलं तर मग तुम्ही म्हणता ती मुलं राहतात. गोळीची किंमत उतरली की पुन्हा मांडू. उतरेल ती. दरवर्षी मांडू."

"त्यातल्या एखाद्याला लागण झाली, तर तुला झोप येईल?"

"नाही येणार."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि सही केली. "मलाही येत नाही," ते म्हणाले. "बस, चहा घेऊन जा."

संध्याकाळची खिडकी सुरू झाली, पाच ते आठ. त्यासाठी जादा माणूस लगेच मंजूर झाला नव्हता, म्हणून पहिले सहा महिने सिस्टर स्वतः बसल्या आणि दर मंगळवारी हिशोबवाली. ते काही तिचं काम नव्हतं. पण ते मंगळवार तिच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते, असं ती आता म्हणते. खालची यंत्रं थांबलेली असायची, फरशा मात्र उबदार. लोक कामावरून दमून यायचे, पण रांगेत चेष्टामस्करी चालायची. सिस्टर घरून डबा आणायच्या आणि झाकणात अर्धा काढून द्यायच्या. "खा, हिशोबवाली. वाळलीस आकडे खाऊन." सलूनवाला आता दुसऱ्या औषधाच्या, उपचाराच्या, रांगेत असायचा. तब्येत धरली होती त्याने. रांगेत नवीन पोरं दिसली की तोच त्यांना खेचून हिच्या खिडकीशी आणायचा. "याला द्या ताई, हा फार देखणा आहे, याचा धोका मोठा आहे." ती पोरं लाजून लाल व्हायची. एका मंगळवारी त्याने धरून बसवलं आणि औषधाच्या खोलीतच तिचे केस कापले. सिस्टर दारात उभ्या राहून सूचना देत होत्या, आणि तो म्हणत होता, "सिस्टर, मी तुम्हाला सुई कशी टोचायची ते सांगतो का?"

शिलाईवालीची गोळी नवव्या महिन्यात बंद झाली. पुढे तिला मुलगी झाली, आईसारखीच सुदृढ, रक्त स्वच्छ. सिस्टरांनी त्या दिवशी दवाखान्यात सगळ्यांना दोनदा चहा पाजला.

सगळंच असं गोड झालं नाही. दुसऱ्या वर्षी एक शाळेतल्या बाई आल्या, त्या नियमात बसत नव्हत्या. त्यांना परत पाठवावं लागलं. पुढच्या वर्षी त्या आल्या तेव्हा उशीर झाला होता. त्या बाईंचा चेहरा हिशोबवाली विसरलेली नाही, आणि विसरायचा तिचा विचारही नाही. त्याच वर्षी गोळीची किंमत निम्म्यावर आली, तिने पुन्हा मांडणी केली आणि नियम सैल झाला. मग आणखी सैल झाला. आता तर जो मागेल त्याला मिळते.

चौदा वर्षं झाली या गोष्टीला. धुलाईखाना पाडला, दवाखाना नव्या इमारतीत गेला, तिथे एकच जिना आहे आणि लिफ्ट आहे. सिस्टर निवृत्त होऊन भाचीकडे राहतात, गुडघ्यांनी हैराण आहेत आणि फोनवर अर्धा तास गुडघ्यांबद्दल बोलतात. आई गेल्या वर्षी गेली.

परवा कामासाठी ती एका लांबच्या गावी गेली होती. काम लवकर आटोपलं, बसला वेळ होता, म्हणून पाय मोकळे करायला निघाली, तर एका छोट्या आरोग्य केंद्राच्या दारात रांग दिसली. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. ती आत जाऊन बाकावर बसली. खिडकीतली मुलगी फार तर तेवीस-चोवीसची असेल. तिने हिला पाहिलं, बाहेर आली आणि शेजारी टेकून हळू आवाजात म्हणाली, "घाबरू नका मावशी. पहिल्यांदाच आलात का? इथे कुणी काही विचारत नाही."

आपण कोण हे सांगायचं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ती म्हणाली, "गोळीबद्दल ऐकलं होतं. सांगता का जरा?"

मुलीने सांगितलं. रोज एक, जेवणाच्या आधी घ्या की नंतर, चालतं. धोका असेतोवर घ्यायची, मग आम्हाला विचारून थांबवायची. हातच्या कामामुळे जमत नसेल तर रोज आठपर्यंत आम्ही असतोच.

"संध्याकाळी उघडं ठेवता, बरं करता," ती म्हणाली. "हे कुणी सुरू केलं?"

मुलीला प्रश्नच कळला नाही. "सुरू म्हणजे? हे असंच असतं ना, मावशी. सगळीकडे संध्याकाळीच असतं."

"हो का," ती म्हणाली.

मुलगी परत खिडकीत गेली. रांग पुढे सरकत होती. कुणीतरी कुणाची तरी टर उडवली आणि चार माणसं हसली. तिची बस सव्वासहाची होती, पुढची आठला. ती तिथेच बसून राहिली.